आधी मोजा, मग पाणी बदला

रविवारी टाकी घासूनपुसून साफ केली, तीन चतुर्थांश पाणी बदलले, काच लख्ख झाली आणि सोमवारी सकाळी निम्मे मासे तळाशी आडवे पडलेले. ही तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक मत्स्यालयाच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. उत्तरही ठरलेले असते : ‘पाण्यात क्लोरीन जास्त होते.’ कधी ते खरे असते. पण गर्दी झालेल्या जुन्या टाकीत पुष्कळदा दोष नळाच्या पाण्याचा नसतो. विष टाकीतच आठवडेच्या आठवडे साचत गेलेले असते आणि स्वच्छ पाणी त्याला जागे करते.

मासे आपला बराचसा अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. पाण्यात तो दोन रूपांत राहतो. एक अमोनियम, तुलनेने निरुपद्रवी. दुसरा मुक्त अमोनिया, कल्ले जाळणारा. कोणते रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. पाणी २८ अंशांवर आणि पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी असतो. पीएच ८ झाला की तोच भाग साडेसहा टक्क्यांवर जातो. बाजारातली अमोनिया मोजणारी बहुतेक किट मात्र दोन्हींची बेरीज दाखवतात. म्हणून किटवरचा एकच आकडा एका टाकीत निभावून जातो आणि दुसरीत जीव घेतो.

आता गर्दीचा हिशेब मांडू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी घरोघरी दिसणारी टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटरची. वाळू, सजावट आणि वरची मोकळी जागा वगळली की खरे पाणी उरते जेमतेम ४५ लिटर. त्यात बोटभर लांबीचे दहा-बारा गोल्डफिश असतील तर दिवसाला दोन ग्रॅम खाद्य सहज जाते. मत्स्यशेतीत वापरले जाणारे साधे सूत्र असे : खाद्याचे वजन गुणिले प्रथिनांचे प्रमाण गुणिले ०.०९२. खाद्यात ३५ टक्के प्रथिने धरली तर रोज सुमारे ६४ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. म्हणजे लिटरमागे रोज जवळपास दीड मिलिग्रॅम.

फिल्टर पक्का झालेला असेल तर त्यातले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. वरच्या टाकीत आठवड्याला लिटरमागे ४४ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते. दर आठवड्याला पाव पाणी बदलणाऱ्याला वाटते, आपण नियमाने वागतो आहोत. पण हिशेब केला तर या टाकीतले नायट्रेट काही आठवड्यांत १७५च्या आसपास जाऊन स्थिरावते. अर्धे पाणी बदलले तरी ते ८८वर थांबते. खाद्य निम्मे आणि पाणीबदल अर्धा, असे दोन्ही केले तरच ४४चा पल्ला येतो. मासे तेवढेच ठेवून खाद्य कायमचे निम्मे करता येत नाही. बादल्या वाढवून गर्दीचा प्रश्न सुटत नाही, हे गिऱ्हाइकाला पटवायला एवढे गणित पुरेसे आहे.

याच प्रक्रियेत आणखी एक गोष्ट खर्च होते आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ती म्हणजे पाण्याची क्षारता, व्यवसायाच्या भाषेत केएच. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता संपते. आपल्या टाकीत हा खर्च लिटरमागे रोज दहा मिलिग्रॅम. तलावाच्या मऊ पाण्यात सुरुवातीची क्षारता पन्नासच्या आसपास असेल तर पाच दिवसांत ठणठणाट होतो. त्यानंतर पीएच घसरू लागतो. तो सहाच्या खाली गेला की जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते आणि अमोनिया साचतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असल्याने मासे तग धरतात, थोडे मलूल दिसतात इतकेच. अशा टाकीत रविवारी साडेसात पीएचचे ताजे पाणी ओतले की अमोनियमचा थोडा भाग काही मिनिटांत मुक्त अमोनिया होतो, आणि साठाच मोठा असल्याने तेवढाही जीवघेणा ठरतो. सोमवारचे मेलेले मासे तिथून येतात.

मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्याची गोष्ट याच्या उलट. तिथे क्षारता भरपूर, त्यामुळे पीएच कोसळत नाही. तो आठच्या आसपास ठाण मांडून बसतो. अशा टाकीत अमोनियाचा थोडा साठाही लगेच डसतो. इथे वाट पाहणेच घातक. मुंबईत तलावाचे पाणी वापरणाऱ्या देखभालवाल्याचा सल्ला लातूरच्या बोअरला आणि लातूरचा मुंबईला जसाच्या तसा लागू पडत नाही, त्याचे कारण हे.

म्हणून टाकीत हात घालण्याआधी पीएच, क्षारता, अमोनिया आणि नायट्राइट ही चार मापे घ्यावीत. दोन गोष्टी मात्र मापाची वाट न पाहता लगेच कराव्यात : खाद्य दोन-तीन दिवस पूर्ण बंद, आणि हवेचा पंप वाढवून पृष्ठभाग खळबळता ठेवणे. मोठा निरोगी मासा काही दिवस उपाशी राहून मरत नाही. कुजणाऱ्या खाद्याने मात्र मरतो.

पीएच साडेसातच्या वर आणि अमोनिया दिसत असेल तर अर्धे पाणी तातडीने बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे आणि सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारलेले हवे. पीएच साडेसहाच्या खाली आणि अमोनिया जास्त असेल तर हात आखडता घ्यावा. काही तासांच्या अंतराने दहावा हिस्सा पाणी बदलावे, दर वेळी पीएच पाहावा, फिल्टरमध्ये अमोनिया धरून ठेवणाऱ्या झिओलाइटची पिशवी ठेवावी. अमोनिया जवळजवळ शून्यावर आला की मगच क्षारता वाढवायची. ४५ लिटरला एक ग्रॅम खाण्याचा सोडा लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम क्षारता देतो. कायमच्या उपायासाठी धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवला तर तो सावकाश विरघळत राहतो.

नायट्राइट चढले असेल तर मासे पृष्ठभागावर येऊन तोंड मारतात आणि कल्ले तपकिरी पडतात, कारण नायट्राइटमुळे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. तिथे जाडे मीठ कामाला येते. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरणाऱ्या नायट्राइटची वाट अडवतो. लिटरला पाव ग्रॅम पुरते. पण मीठ आणि झिओलाइट एकाच टाकीत नकोत. मीठ पडले की झिओलाइटने धरलेला अमोनिया पुन्हा पाण्यात सुटतो.

धुण्याच्या सवयीही बदलायला हव्यात. स्पंज नळाखाली पिळला की महिना-दीड महिना खपून तयार झालेली जिवाणूंची वसाहत क्लोरीनने उद्ध्वस्त होते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके हलवावा. मासा सुस्त दिसला की निळे औषध टाकण्याची रीत तर सगळ्यात महागात पडते. मिथिलिन ब्लू आणि प्रतिजैविके फिल्टरच्या जिवाणूंवरही घाव घालतात. रोग नसताना दिलेले औषध टाकीला नव्याने आजारी पाडते.

उन्हाळा तोंडावर आहे. पाणी २४ अंशांवरून ३२ अंशांवर गेले की पीएच ८च्या टाकीत मुक्त अमोनियाचा वाटा पाच टक्क्यांवरून आठ टक्क्यांपुढे जातो. त्याच वेळी पाण्यात मावणारा प्राणवायू घटतो. त्यात दुपारभर वीज गेली तर गर्दीच्या टाकीला श्वास पुरत नाही आणि बंद कॅनिस्टर फिल्टरमधले जिवाणूही गुदमरतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप प्रत्येक देखभालवाल्याच्या पिशवीत असलाच पाहिजे.

१८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने पाणवनस्पती आणि मासे यांचा समतोल साधून दाखवला. त्याचे काचपात्र होते बारा-तेरा गॅलनचे, म्हणजे आपल्या दोन फुटी टाकीएवढेच, आणि मासे होते दोन लहान गोल्डफिश. एवढे करूनही कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडले, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. आज तेवढ्याच टाकीत गोल्डफिशचा थवा, चार ‘शार्क’ आणि ‘घाण खायला’ एक सकर सहज विकला जातो. हा शार्क म्हणजे पंगस, पूर्ण वाढला तर मीटरभर लांबीचा. सकर दीड फुटापर्यंत जातो आणि खातो त्या मानाने घाणही करतो. मासा टाकीच्या मापानेच वाढतो, ही समजूत तर मोडूनच काढायला हवी. तो खुंटतो तो खराब पाण्याने. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते, त्यामुळे ‘इंचाला एक गॅलन’ हा ठोकताळाही छोट्या माशांपलीकडे चालत नाही.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम काढले आणि पुढे ते मागे घेतले. त्यामुळे टाकीत किती मासे जावेत हे आज दुकानाच्या गल्ल्यावरच ठरते. गर्दीवरचा खरा इलाज मासे कमी करणे हाच आहे, आणि मासे परत घ्यायला दुकानदार तयार नसेल तर गिऱ्हाईक ते नदीत किंवा तलावात सोडून येते. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडणारे सकर आकाशातून पडलेले नाहीत. वाढलेला मासा अर्ध्या किमतीत किंवा खाद्याच्या पाकिटाच्या बदल्यात परत घेतला, तर गिऱ्हाईकही टिकते आणि जलाशयही वाचतो.

या अंकासोबत पोस्टकार्डाच्या आकाराचे एक कार्ड जोडले आहे. वर टाकीची लांबी, रुंदी, उंची आणि पाण्याचा स्रोत. खाली तारखेपुढे पीएच, क्षारता, अमोनिया, नायट्राइट असे रकाने. दुकानदारांनी त्याच्या प्रती काढून माशांच्या प्रत्येक पिशवीसोबत द्याव्यात, आणि तेच गिऱ्हाईक आणखी मासे मागायला आले की पिशवी भरण्याआधी ते भरलेले कार्ड मागावे.