आलेखातली रेघ आणि अर्धा मिलिसेकंद

मायमो रिसीव्हरवरचा नवा लेख आला की आम्ही आधी आलेख बघतो. चित्र ओळखीचंच असतं: वर झिरो फोर्सिंग, खाली एमएमएसई, तळाशी मॅक्सिमम लाइकलीहूड आणि त्याला चिकटून लेखकाचा नवा डिटेक्टर. रेघ खोटी नसते. पण ती काढताना चॅनेल अचूक ठाऊक आहे, अँटेनांचा एकमेकींशी संबंध नाही आणि वेळ हवा तेवढा आहे, असं मानलेलं असतं.

बेस स्टेशनवर वेळेचीच मारामार असते. ५जीमध्ये १०० मेगाहर्ट्झची बँडविड्थ आणि ३० किलोहर्ट्झचं अंतर घेतलं, तर ३२७६ सबकॅरिअर आणि अर्ध्या मिलिसेकंदाच्या स्लॉटमध्ये १४ सिम्बॉल. पायलट वगळण्याआधी हिशेब जातो सुमारे ४६ हजार डिटेक्शनवर. ६४-क्वॅमचे चार प्रवाह असतील, तर मॅक्सिमम लाइकलीहूडला प्रत्येक डिटेक्शनसाठी १ कोटी ६७ लाखांहून अधिक शक्यता! स्फिअर डिकोडर बहुतेक फांद्या छाटतो, मान्य. पण किती छाटेल ते त्या घडीच्या चॅनेलवर ठरतं. लेखात सरासरी वेळ दिलेला असतो, चिप मात्र सर्वांत वाईट वेळ धरून बांधावी लागते. थोडी अचूकता सोडून ठरावीक काम करणारा के-बेस्ट हार्डवेअरवाल्यांना जवळचा वाटतो, तो यामुळेच.

१९९८ साली बेल लॅब्जने व्ही-ब्लास्टचा प्रयोग दाखवला, तेव्हा पाठवायला ८ आणि घ्यायला १२ अँटेना होत्या. प्रवाह एकेक करून वजा करण्याच्या युक्तीचं कौतुक झालं. आमच्या मते त्या चार जादा अँटेनांनीही बरंच काम केलं होतं. आज ६४ अँटेना आणि ८ वापरकर्ते असतील, तर साधा एमएमएसईही बहुधा पुरतो. अडतं ते वापरकर्ते एकाच दिशेला दाटीने उभे असतात तेव्हा. नेमकी हीच स्थिती लेखांत क्वचित तपासलेली दिसते.

एक किरकोळ वाटणारी, पण वारंवार दिसणारी चूक: एमएमएसईचं उत्तर मूळ सिम्बॉलपेक्षा शून्याकडे थोडं आखडलेलं येतं. क्यूपीएसकेच्या हार्ड निर्णयात ते झाकलं जातं, कारण तिथे फक्त चिन्ह बघायचं असतं. ६४-क्वॅममध्ये दुरुस्ती केली नाही, तर एलडीपीसी डिकोडरला चुकीची सॉफ्ट मूल्यं जातात आणि दोष भलत्याच ब्लॉकवर येतो.

तेव्हा लेखकांना विनंती: पायलटवरून अंदाजलेलं चॅनेल वापरा, अँटेनांचा परस्परसंबंध धरा, डिकोडरनंतरचा ब्लॉक एरर रेट दाखवा आणि सर्वांत वाईट वेळ सांगा. न्यूरल नेटवर्कचा डिटेक्टर असेल, तर ज्या चॅनेल मॉडेलवर तो शिकवला त्याहून वेगळ्या मॉडेलवरचा आलेखही जोडा.