हर-टूची तपासणी कुणाच्या खर्चाने?

जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कर्करोगाच्या तीन औषधांवरचे सीमाशुल्क माफ झाले. त्यांतले एक ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान, म्हणजे स्तनाच्या कर्करोगावरचे नवे आणि अतिशय महागडे औषध. निर्णय स्वागतार्हच होता. पण हे औषध कुणाला द्यायचे ते ज्या तपासणीवर ठरते, तिच्याबद्दल कुणी फारसे बोलले नाही. दरवेळी असेच होते. औषधाची किंमत ही बातमी ठरते आणि तपासणी रुग्णाच्या नातेवाइकांवर सोपवली जाते.

हर-टू हे सतराव्या गुणसूत्रावरचे जनुक. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. त्यावरून बनणारे प्रथिन पेशीच्या आवरणात बसते आणि त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवून वाढीचा, विभाजनाचा निरोप आत धाडते. स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १५ ते २० टक्के गाठींत या जनुकाच्या प्रती बेसुमार वाढलेल्या असतात. आवरणावर प्रथिनांची दाटी होते, ती आपसांतच जोड्या जमवतात आणि बाहेरून काही सांगावा आलेला नसतानाही पेशी वाढत सुटते. अशा रुग्णांत रोग लवकर उलटतो, हे कॅलिफोर्नियातील डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. त्याच प्रथिनाला जाऊन चिकटणारे ट्रास्टुझुमॅब १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीच्या जोडीने ते दिले तर रोग उलटण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, असे २००५ मध्ये मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले. कर्करोगाच्या उपचारांत इतका ठळक फरक क्वचितच दिसतो.

रोश कंपनीने भारतातले पेटंट २०१३ मध्ये सोडून दिले. पुढच्याच वर्षी बंगळुरूच्या बायोकॉनने मायलनच्या साथीने याच औषधाची जैवसदृश आवृत्ती भारतात विक्रीला आणली. मग इतरही कंपन्या उतरल्या आणि भाव खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ट्रास्टुझुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. म्हणजे औषधाच्या बाजूने बरेच काही घडले आहे. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे.

ती तपासणी गाठीच्या तुकड्यावर करतात. आयएचसी नावाच्या रंजनपद्धतीने प्रथिन किती आहे ते पाहतात आणि अहवालात ०, १+, २+ किंवा ३+ असे लिहितात. ३+ आले तर प्रश्न मिटला. २+ आले तर काहीच निश्चित होत नाही. जनुकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजणारी ‘फिश’ ही दुसरी तपासणी करावी लागते. ती महाग आहे आणि मोठ्या शहरांतल्या थोड्याच प्रयोगशाळांत होते. जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया झालेल्या बाईचा नवरा किंवा मुलगा मेणातला ‘ब्लॉक’ आणि स्लाइड पिशवीत घालून परळला, पुण्याला किंवा नागपूरला घेऊन येतो. फिशचा खर्च ऐकून जे कुटुंब मागे फिरते, त्यातल्या बाईच्या अहवालावर २+ तसेच राहते. तिला औषध लागू होते की नाही, हे मग कधीच कळत नाही.

याहून साधी, आणि म्हणून अधिक चीड आणणारी, गोष्ट तुकड्याच्या जपणुकीची. काढलेला तुकडा तासाभरात योग्य प्रमाणातल्या फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे आणि त्यात किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. तो सलाइनच्या बाटलीत पडून राहिला किंवा फॉर्मॅलिन अपुरे पडले, तर पुढची उत्तमातली उत्तम प्रयोगशाळाही खात्रीचे उत्तर देऊ शकत नाही. फॉर्मॅलिनला खर्च तो किती? लागते ती शस्त्रक्रियागृहातली शिस्त आणि बाटलीवर लिहिलेली वेळ.

हर-टूबद्दल घराघरांत एक भीतीही असते. ‘जनुक’ हा शब्द कानावर पडला की मुलींचे काय, त्यांच्या लग्नांचे काय, अशी कुजबुज सुरू होते. हर-टूच्या प्रती वाढतात त्या गाठीच्या पेशींत. ती वाढ आईकडून लेकीकडे जात नाही. आनुवंशिक धोक्याची जनुके वेगळी आहेत आणि त्यांची तपासणीही वेगळी आहे. एवढे वाक्य डॉक्टरांनी अहवाल हातात देतानाच, नातेवाइकांसमोर, स्पष्ट बोलायला हवे.

अचूक तपासणीची गरज आता आणखी वाढली आहे. ज्यांचा अहवाल १+ आहे, किंवा २+ असून फिश नकारात्मक आहे, अशा रोग पसरलेल्या रुग्णांनाही ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकानचा उपयोग होतो, हे २०२२ मध्ये पुढे आले. पूर्वी ० आणि १+ यांतला फरक उपचारात जमेस धरला जात नसे. आज त्या एका आकड्यावर कुणाचे तरी पुढचे काही महिने अवलंबून आहेत.

टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने रुग्णालयांची एकत्रित खरेदी करून औषधांचे भाव उतरवून दाखवले आहेत. तोच मार्ग तपासण्यांसाठी का नसावा? २+ अहवाल आलेल्या प्रत्येक रुग्णाची फिश सरकारी खर्चाने व्हावी, ब्लॉक पोचवण्याची जबाबदारी रुग्णालयाने घ्यावी, आणि फॉर्मॅलिनची वेळ नोंदवल्याशिवाय एकही तुकडा शस्त्रक्रियागृहाबाहेर जाऊ नये. या तिन्ही गोष्टी राज्याच्या आरोग्य खात्याने ठरवल्या तर याच वर्षी सुरू होऊ शकतात. तोवर, ज्यांच्या घरी असा अहवाल आला आहे त्यांनी डॉक्टरांना थेट विचारावे: हर-टू किती आले, आणि २+ असेल तर फिश कधी करायची?