आमच्या नंदीचे यमक

मराठीत यमक फार स्वस्त मिळते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि 'आला', 'गेला', 'प्याला' ही मंडळी ओळीच्या टोकाला आपणहून येऊन बसतात. त्यामुळे घरात तीन-चार वर्षांचे मूल असलेल्या कुठल्याही शिकलेल्या आईबापाला आठवड्याभरात बालगीतांची वही भरता येते. 'ससा आला, पाणी प्याला, झोपी गेला.' जुळले की! पण हे चित्रपुस्तकात घातले तर काय होते? ससा झोपलेला चित्रात दिसतोच. तेच पुन्हा शब्दांनी सांगायचे असेल, तर चित्रकाराने ब्रश हाती कशाला धरावा, आणि मुलाने पान तरी कशाला उलटावे?

हा प्रश्न मला छळतो, कारण मी स्वतः सध्या मुलीसाठी असे एक पुस्तक लिहिते आहे. सोळा पाने, पानावर दोन ओळी. (छापखान्यात मोठ्या कागदाची घडी घालून पाने होतात, म्हणून सारा हिशेब आठ-सोळाचा. प्रतिभेला हा हिशेब मान्य करावाच लागतो!) विषय आहे तान्हा पोळा. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाकांचा लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. या बैलाला आम्ही नंदी म्हणतो. पुस्तकातल्या एका पानावर आहे :

नंदी माझा थांबून राहिला,
वाट कुणाची पाहून राहिला?

चित्रात मुलगी चार पावले पुढे गेली आहे. तिची मूठ मिटलेलीच आहे, पण दोरी मागे रस्त्यावर पडलेली. ओळींत दोरीचे नाव नाही. शेजारच्या मुलांना मी कच्ची चित्रे दाखवली, तेव्हा सर्वांत धाकट्याने दोरीवर बोट ठेवून आरडाओरडा केला. यमकाने सांगायचे राहिले होते, ते त्याने सांगितले. चित्रपुस्तकातले पद्य एवढ्यासाठीच असावे असे माझे मत आहे. गद्यातही हेच सूत्र लागू पडते. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' पाहावे. तिथे शब्द आणि चित्र एकाच हातचे आहेत.

आता तक्रारीचा मुद्दा. एका प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित परत केले ते 'थांबून राहिला' या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ मारून. सूचना अशी की 'थांबला आहे' करावे, म्हणजे पुस्तक महाराष्ट्रभर चालेल. सूचना सद्‍भावनेची आहे, आणि तिच्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या मुलाला 'थांबून राहिला' याचा अर्थ थोडा वेगळा लागेल. आमच्याकडे मात्र ते साधे चालू वर्तमान आहे : माय स्वयंपाक करून राहिली, पोट्टे खेळून राहिले, पाऊस येऊन राहिला. बोलताना तर 'रायला'च म्हणतात. मी 'राहिला' लिहिले ही तडजोड मी आधीच केलेली आहे.

आणि कानाचे काय? 'राहिला' दोन्ही ओळींत तसाच ठेवून यमक त्याच्या अलीकडे, 'थांबून-पाहून' असे जुळते. गझलेत याला रदीफ आणि काफिया म्हणतात. सुरेश भटांच्या नावाचे सभागृह ज्या शहरात उभे आहे, तिथे हे फोडून सांगायला नको. जी रचना शिकायला लोक वर्षे घालवतात, ती आमच्या बोलीत भाजीवाल्याशी भांडतानाही होते. 'थांबला आहे, पाहत आहे' केले की ओळीचे चाकच निखळते.

महाराष्ट्रभर चालण्याची काळजी मला विशेष वाटत नाही. विंदा करंदीकरांचा 'राणीची बाग' हा बालकवितांचा संग्रह १९६१ साली आला. राणीची बाग आहे मुंबईची. विदर्भातल्या किती मुलांनी ती पाहिली असेल? तरी तिथली जनावरे आमच्या घरात येऊन राहिली आणि कोणी विंदांना बाग बदलायला सांगितले नाही. मग आमच्या महाराजबागेतल्या वाघाने, आमच्या नंदीने मुंबईच्या मुलाच्या घरी का जाऊ नये? एवढेच की जाताना त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यावे. आजवर सिनेमा-नाटकांत वऱ्हाडी-नागपुरी बोली आली, ती बहुधा हशा पिकवण्यासाठी. मुलाच्या पहिल्या पुस्तकात ती गंभीरपणे, दोरी हरवलेल्या नंदीसाठी येते आहे, याचा मला आनंद आहे. प्रमाणभाषा शाळा शिकवीलच, आणि शिकवावीच. परंतु पुस्तक ही वस्तू मूल पहिल्यांदा मांडीवर बसून ऐकते, आणि त्या मांडीची बोली पुस्तकात नसेल, तर पुस्तके दुसऱ्या कोणाची असतात असे ते तिथेच ठरवून टाकते.

हस्तलिखित दुसरीकडे पाठवले आहे. ओळ आहे तशीच आहे. चित्रकार मात्र कोल्हापूरकडचे आहेत. रंगीत चित्रात त्यांनी नंदी मातीत चार पायांवर उभा केला आहे, शेपटी उडवणारा, चांगला जिवंत. त्याला चाके जोडून द्या, असे पत्र त्यांना आज लिहायचे आहे.