कथेचे घटक आणि निवेदकाचे स्थान : ‘जेव्हा मी जात चोरली होती’च्या निमित्ताने

कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संवाद, संघर्ष, भाषाशैली आणि शेवट अशी कथेच्या घटकांची यादी मराठीच्या पदवी वर्गात वर्षानुवर्षे शिकविली जाते. तिच्या मुळाशी ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) व त्यानंतरच्या लेखनातून रुजविलेला तंत्रविचार आहे. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथेने या तंत्राची चौकट खिळखिळी केली, हे सर्वमान्य आहे. परंतु चौकट मोडली तरी यादी शिल्लक राहिली. आजही एखाद्या कथेचा अभ्यास म्हणजे तिचे सात-आठ तुकडे करून प्रत्येकावर एकेक परिच्छेद लिहिणे, अशीच समजूत दिसते. निवेदकाला या यादीत स्थान मिळालेच तर ते अखेरीस, ‘प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी’ एवढ्या नोंदीपुरते.

वस्तुतः कथा कोण सांगतो, कोठे उभा राहून सांगतो आणि घडून गेल्यावर किती काळाने सांगतो, यावर इतर सर्व घटकांचे रूप अवलंबून असते. बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या संग्रहातील कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ती निवडण्याचे आणखीही एक कारण आहे. गाडगीळ वा जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेचा विचार करताना घटक, रचना, प्रतिमा यांची चर्चा होते. बागुलांची कथा समोर आली की चर्चा एकदम ‘दलित जाणीव’ आणि ‘विद्रोह’ यांकडे वळते. जणू एकाच्या वाट्याला कला आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला केवळ आशय. ही वाटणी आदराच्या भाषेत केली जाते, पण ती वाटणीच आहे.

कथेतील घटना थोडक्यात अशा : मुंबईचा एक तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो, जात लपवून खोली मिळवितो, रामचरण तिवारी या उत्तर भारतीय सहकाऱ्याच्या आदरास पात्र होतो, अखेर जात उघडकीस येते आणि त्याला मारहाण होते. रहस्य, गुंतागुंत, उकल हा सांगाडा फडक्यांच्या तंत्रातही चपखल बसेल. फरक इतकाच, की येथे रहस्य शीर्षकातच फोडले आहे. वाचकाला सारे ठाऊक आहे, अंधारात आहेत ती इतर पात्रे. त्यामुळे ‘काय होणार’ ही उत्कंठा उरत नाही. ‘केव्हा होणार’ ही भीती उरते, आणि ती निवेदकाची भीती असते. प्रत्येक साधा प्रश्न, प्रत्येक जेवणाचे आमंत्रण धोक्याचे वाटू लागते. कथानकाचा ताण घटनांच्या मांडणीतून जितका येतो, त्याहून अधिक तो निवेदकाच्या स्थानातून येतो.

वातावरणाचेही तसेच. परगावचे वर्णन कथेत बेताचेच आहे, आणि तसे ते असणे स्वाभाविक आहे. खोली मिळेल की नाही या एका प्रश्नाने ज्याचे सारे लक्ष व्यापले आहे, त्याला गावाचे सौंदर्य वा कुरूपता न्याहाळायला सवड कोठून असणार? ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधील निवेदकही प्रथमपुरुषी आहे. पण तो साक्षीदार आहे, दुसऱ्याकडे निवांत पाहू शकतो. व्याकरणातील पुरुष एकच असला तरी भूमिका अगदी भिन्न असू शकते, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानी यावे.

काशीनाथ हे पात्र सामान्यतः नायकाच्या विरोधी स्वभावाचे म्हणून नोंदविले जाते. तो आपली जात उघड सांगतो व तिच्यासाठी लढायला सज्ज असतो. परंतु त्याची ओळख वाचकाला करून देणारा निवेदक त्याच्यापासूनही आपली जात लपवीत आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून काशीनाथच्या धिटाईच्या प्रत्येक उल्लेखात निवेदकाचा स्वतःवरचा आरोप मिसळलेला आहे. ‘चोरली’ हे क्रियापदही आरोपीच्या पिंजऱ्यातले आहे. ज्या समाजाने माणूसपण हिरावून घेतले, त्याच्याच कायद्याची भाषा निवेदक स्वतःसाठी वापरतो. त्यात उपरोध किती आणि खरी बोचणी किती, हे शेवटपर्यंत सुटे करता येत नाही.

बागुलांच्या भाषेवर मात्र नेहमीच आक्षेप घेतला जातो. ती भाषणासारखी, विशेषणांनी लादलेली, भावनेने फुगलेली आहे असे म्हटले जाते. संग्रहातील काही तृतीयपुरुषी कथांबाबत हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे. तेथे निवेदकच पात्रांच्या वतीने आक्रोश करू लागतो आणि पात्रे मागे पडतात. प्रस्तुत कथेत परिस्थिती वेगळी आहे. जात विचारणाऱ्यालाच खजील करणारे आवेशपूर्ण बोलणे हा येथे निवेदकाचा बचाव आहे. तो कवी आहे, सुशिक्षित आहे, मोठमोठे शब्द त्याच्या जिभेवर आहेत, आणि त्या शब्दांच्या आडोशानेच त्याला गावात थारा मिळतो. रामचरण ज्या विद्वत्तेपुढे नमतो ती खरीच आहे. खोटे आहे ते फक्त तिच्यावरून त्याने काढलेले जातीचे अनुमान. उच्च प्रमाणभाषा म्हणजे उच्च जात हे समीकरण कथा असे वापरते आणि मोडते. भाषाशैली हा घटक निवेदकापासून तोडून तपासला, तर जो दोष दिसतो तोच येथे कथेचा कणा ठरतो.

मार खाल्ल्यानंतर निवेदक काशीनाथला जे उत्तर देतो, त्यात मारणाऱ्यांऐवजी मनूकडे बोट दाखविले आहे. याला ‘कलाटणी’ म्हणणे अपुरे आहे आणि ‘प्रचार’ म्हणणे घाईचे. मारणारे हात ओळखीचे होते, त्यांतील काहींच्या घरचे प्रेमही त्याने अनुभवले होते. त्यांना वगळून मनूचे नाव घेणे ही क्षमा आहे की थकवा, की काशीनाथच्या सुऱ्याला दिलेला नकार? काशीनाथचे पुढे काय झाले, हे कथा सांगत नाही.