एकत्र या... पण अटी आधी लिहा!

तीन ग्रुप आहेत, म्हणून त्यांचा एक करा. आमच्या कंपूत सध्या असा ठराव फिरतोय आणि पंधरा दिवसांत त्यावर मतदान आहे. माझं मत 'नाही' असं आहे. ग्रुपवर हे सविस्तर टंकायला घेतलं की मध्येच कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं, म्हणून इथे लिहितोय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा :-)

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमचा कंपू म्हणजे मराठवाड्यातून आलेल्या आयटीवाल्यांचा कट्टा. कोणी पुण्याला, कोणी बंगलोरला, दोन-चार जण साता समुद्रापार, आणि माझ्यासारखे काही घरूनच काम करत उस्मानपुऱ्यात ठाण मांडून बसलेले. सुरुवात एका व्हॉट्सॲप ग्रुपने झाली. तेव्हा एका ग्रुपात २५६ च माणसं मावायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सीनियर मंडळी डिस्कॉर्डवर गेली. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या प्रायव्हसी धोरणावरून गोंधळ उडाला, तेव्हा विद्यार्थी आणि फ्रेशर पोरं टेलिग्रामवर गेली. मुलींनी आपला वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आधीच काढला होता, तो तसाच चालू राहिला. झाले तीन. कोणी बसून आखले नव्हते, पण तिघांचा स्वभाव मात्र पक्का वेगळा झालाय.

आता ठराव असा, की सगळ्यांनी डिस्कॉर्डवर या, बाकीचे दोन बंद करा. कारणं तीन. एकच प्रश्न तीन ठिकाणी विचारला जातो. मॉडरेटर कमी पडतात. आणि एकत्र आलो की आपली ताकद वाढेल.

पहिलं कारण खरं आहे, ते मी नाकारत नाही. त्याच्याकडे शेवटी येतो. आधी ताकदीचं बघू, कारण इंजिनियर लोक आकडे दाखवले की फार लवकर भुलतात.

समजा प्रत्येक ग्रुपात २०० माणसं आहेत. २०० माणसांत आपापसात १९,९०० जोड्या होतात. तीन ग्रुपांच्या मिळून ५९,७००. तेच ६०० जण एका खोलीत आणले की जोड्या १,७९,७००, म्हणजे सरळ तिप्पट! मेटकाफचा नियम हाच, नेटवर्कची किंमत सदस्यसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वा वा. पण हेच गणित १९७५ साली फ्रेड ब्रुक्सने 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये उलट्या बाजूने मांडलं होतं. माणसं वाढवली की बोलण्याच्या वाटा वाढतात, आणि त्या वाटांवर वेळ जातो. जोड्या तिप्पट झाल्या तरी माणसाचे डोळे दोनच राहतात राव. मेसेज तिप्पट झाले की पहिली गोष्ट काय होते? लोक म्यूट करतात. म्यूट केलेल्या ६०० जणांची ताकद नेमकी किती, हे मेटकाफ सांगत नाही.

आता भाषेचं. आमच्या टेलिग्रामवर असा प्रश्न येतो: "दादा, गिट पुश केलं की रिजेक्ट होऊन राहिलंय, काय करू?" पाच मिनिटांत परभणीहून उत्तर येतं, तेही मराठीत. डिस्कॉर्डवर सगळा कारभार इंग्रजीत. नियम म्हणून नाही, पण पहिल्या दहा जणांनी इंग्रजीत लिहिलं की अकरावा मराठीत लिहायला बिचकतो. उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, त्यामुळे आजूबाजूच्या खोल्यांमध्ये जालना, बीड, हिंगोलीची पोरं भरलेली. संध्याकाळी स्टेशन रोडच्या टपरीवर यांचं बोलणं ऐका. डॉकरपासून डेडलॉकपर्यंत सगळं अस्खलित मराठीत चालू असतं. यातलीच काही पोरं आमच्या डिस्कॉर्डवर पण आहेत. तिथे ती अंगठा दाखवण्यापलीकडे जात नाहीत. टेलिग्राम बंद केला तर ही पोरं डिस्कॉर्डवर 'येतील', हे बरोबर. सदस्यसंख्येत दिसतील. बोलणार नाहीत. आणि ठराव मांडणारे सहा महिन्यांनी तो आकडा दाखवून म्हणतील, बघा, विलीनीकरण यशस्वी!

मुलींच्या ग्रुपबद्दल मी जास्त बोलू शकत नाही, कारण तिथे काय चालतं ते मला माहीत नाही. आणि तोच त्या ग्रुपचा उपयोग आहे. यावर उत्तर तयार असतं, की डिस्कॉर्डवर त्यांना प्रायव्हेट चॅनेल काढून देऊ. आता हे जरा तांत्रिक, पण आपण सगळे तांत्रिकच आहोत ना? डिस्कॉर्डच्या सर्व्हरला मालक एकच असतो. त्याला आणि ज्यांना ज्यांना 'ॲडमिनिस्ट्रेटर' परवानगी दिलीय त्यांना चॅनेलची कुलपं लागूच होत नाहीत, प्रायव्हेट चॅनेलसुद्धा त्यांना उघडं असतं. म्हणजे पगारापासून मॅनेजरच्या वागणुकीपर्यंत जे काही तिथे बोललं जात असेल, ते वाचता येईल अशा ठिकाणी हलवा, आणि आमच्यावर विश्वास ठेवा. आमचे ॲडमिन चांगलेच आहेत हो. पण 'ॲडमिन चांगला आहे' हे सिक्युरिटी मॉडेल आपण ऑफिसच्या डिझाइन रिव्ह्यूत मान्य करू का?

ॲडमिन चांगले असूनही काय होतं याचं उदाहरण फार जुनं नाही. फ्रीनोड आठवतंय? ओपन सोर्सवाल्यांचा सगळ्यात मोठा आयआरसी कट्टा. उबुंटू, फेडोरा, विकिमीडिया, सगळे तिथे. सगळे एकाच ठिकाणी, किती सोय! २०१७ साली त्यामागच्या कंपनीचे हक्क दुसऱ्याकडे गेले. रोजचं काम तेच स्वयंसेवक करत होते, म्हणून कोणाला फरक जाणवला नाही. १९ मे २०२१ ला त्यातल्या बहुतेकांनी नियंत्रणाच्या भांडणावरून राजीनामे दिले आणि 'लिबेरा चॅट' नावाचं नवीन नेटवर्क काढलं. आठवडाभरात, २६ मे ला, ज्या चॅनेलांच्या मथळ्यात लिबेराचं नाव होतं अशी शेकडो चॅनेलं फ्रीनोडच्या नव्या कारभाऱ्यांनी ताब्यात घेतली. जूनमध्ये नवीन सर्व्हर सॉफ्टवेअरवर जाताना नोंदवलेली नावं आणि चॅनेलं यांचा जुना डेटाबेस पुढे नेलाच नाही. वर्षानुवर्षं जपलेली नावं, पाटी कोरी.

तुम्ही म्हणाल, मग ते सगळे पुन्हा लिबेरावर एकत्रच गेले ना? गेले. पण लिबेरा ही स्वीडनमध्ये नोंदवलेली, सदस्यांनी चालवलेली ना-नफा संस्था आहे. किल्ली एका माणसाकडे किंवा विकता येईल अशा कंपनीकडे नाही. म्हणजे एकत्र येणं हे पाप नाहीये. किल्ल्या कोणाकडे हे न ठरवता एकत्र येणं हा गाढवपणा आहे.

आयआरसीचा इतिहासच मुळी या भांडणांचा आहे. १९८८ साली फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने ते लिहिलं. १९९० मध्ये बर्कलेचा 'एरिस' नावाचा सर्व्हर कोणालाही पासवर्डशिवाय जोडून घेऊ लागला. बाकीच्यांनी त्याला वगळून वेगळं नेटवर्क काढलं, त्याचं नावच एफनेट, म्हणजे एरिस-फ्री नेटवर्क! १९९६ साली तेही फुटलं. कारण ऐकाल तर हसाल. दोन सर्व्हर जोडले जातात तेव्हा दोन्हीकडे एकाच टोपणनावाची माणसं असली तर काय करायचं? अमेरिकेतले म्हणाले, वेळेची नोंद बघा, ज्याचं नाव आधीचं तो राहील. युरोपातले म्हणाले, तुटलेलं टोपणनाव काही काळ कोणालाच देऊ नका. जमलं नाही. युरोपवाल्यांचं आयआरसीनेट वेगळं झालं. जोडताना नावांचं काय करायचं ते न ठरवल्यामुळे अख्खं नेटवर्क दुभंगलं, आणि आम्ही तर जोडताना कशाचंच काय करायचं ते ठरवलेलं नाही.

आणि अटी न लिहिता विलीन होण्याचा अर्थ मराठवाड्याच्या माणसाला फिनलंडहून शिकायची गरज आहे का? १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो. १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. मराठवाडा बिनशर्त आला, हे आपल्याकडे प्रत्येक भाषणात अभिमानाने सांगतात. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विकासनिधी आणि नोकऱ्यांत न्याय्य वाटा द्यायचं वचन दिलं होतं. पण वैधानिक विकास मंडळ प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं, म्हणजे ४१ वर्षं. हायकोर्टाचं खंडपीठ इथे बसायला १९८१ उजाडलं. मधल्या काळात १९८३ साली दांडेकर समिती नेमावी लागली आणि 'अनुशेष' हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आला. विकास मंडळाची मुदतही ३० एप्रिल २०२० ला संपली. महाराष्ट्रात यायला नको होतं असं मी मुळीच म्हणत नाहीये. भाषा एक, माणसं एक, यायलाच हवं होतं. पण वचनं आणि हमी यांतला फरक आपल्याइतका कोणाला कळायला हवा? आणि आपल्याच कट्ट्यावर आपण म्हणतोय, आधी एक होऊ, नियम नंतर बघू!

बरं, आता पहिल्या कारणाकडे. डिस्कॉर्डवर पुण्यातला कोणी फ्रेशरसाठी ओपनिंग टाकतो आणि हिंगोलीतल्या मुलीला ते कळतच नाही. हे वाईट आहे, आणि यात कोणाची तरी पहिली नोकरी जाते. पण यासाठी तीन घरं पाडून एक वाडा बांधायची गरज नाही. गल्लीच्या तोंडाशी एक फळा लावा.

माझा प्रस्ताव साधा आहे.

एक, सामाईक फळा. नोकऱ्या, कार्यक्रम आणि तातडीची मदत, एवढंच. एका ठिकाणी टाकलं की बॉट तिन्हीकडे पोचवेल. मॅटरब्रिजसारखी फुकट साधनं आहेत, दोन वीकेंडचं काम, मी करायला तयार आहे. गप्पा मात्र जोडायच्या नाहीत. मॅट्रिक्स आणि लिबेरा यांच्यातला पूल २०२३ साली लिबेराच्या सांगण्यावरून बंद करावा लागला. सगळ्या गप्पा इकडून तिकडे वाहून नेणं दिसतं तितकं सोपं नाही.

दोन, पत्ता आपला. डेबियनवाल्यांकडे बघा. जून २००६ मध्ये त्यांनी फ्रीनोड सोडून ओएफटीसीवर मुक्काम हलवला. पत्ता त्यांच्याच डोमेनवरचा होता, तो नवीन ठिकाणाकडे वळवला, झालं. आपणही एक डोमेन घेऊ, तिथून तिन्ही ग्रुपांच्या लिंका. उद्या एखादं ॲप बिघडलं तर माणसं हरवणार नाहीत.

तीन, किल्ल्या. डोमेन, बॉट आणि फळा यांचे पासवर्ड तिन्ही ग्रुपांतल्या एकेकाकडे.

चार, जुनं ज्ञान. चांगली उत्तरं महिन्यातून एकदा साध्या फाइलीत उतरवून ठेवायची. सप्टेंबर २०२२ मध्ये स्लॅकने फुकट खात्यांना ९० दिवसांपलीकडचे मेसेज दाखवणं बंद केलं, तेव्हा किती टीमांचा इतिहास एका रात्रीत कुलपात गेला असेल विचार करा. दुसऱ्याच्या घरात ठेवलेलं ते आपलं नसतं.

आणि मॉडरेटरांचं? ते कमी आहेत कारण डिस्कॉर्डवाले डिस्कॉर्डमधूनच निवडतात. टेलिग्रामवर रोज शंभर प्रश्न हाताळणारी तृतीय वर्षाची पोरं आहेत, त्यांना कोणी विचारलंय?

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मतदान. सध्या तिन्हीकडची मतं एकत्र मोजायची असं ठरलंय. डिस्कॉर्ड सगळ्यात मोठा. म्हणजे ज्यांना जागा बदलायचीच नाही त्यांच्या मतांवर ज्यांचं घर मोडणार त्यांचा निकाल लागणार. मतदान प्रत्येक ग्रुपात वेगळं घ्या. तिन्हीकडे स्वतंत्र बहुमत मिळालं तर मी पहिला सामान बांधीन, पैजेवर. एकाही ग्रुपाने नाही म्हटलं तर तो ग्रुप राहील, आणि फळा तरीही लागेल.

ठराव मांडणारे सगळे माझे मित्रच आहेत, दोघांनी तर मला पहिली नोकरी मिळवून दिलीय. त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. म्हणूनच त्यांना सांगतोय, मत मोजायच्या आधी एकदा टेलिग्रामवर चार दिवस नुसतं वाचत बसा. मग ठरवा, नक्की काय बंद करताय ते.

असो. आठवडाभर वेळ आहे. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी उस्मानपुऱ्यात चहाला यावं, बिल माझं :-)