‘पहिली महिला कोण?’ एवढ्यावर थांबू नका. मुलांना कमला सोहोनींची पूर्ण गोष्ट सांगा

‘भारतातील पहिली महिला डॉक्टर कोण?’ सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी अशी उत्तरं आपण सगळ्यांनीच पाठ केली. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, शाळेत सर सी. व्ही. रामन यांची गोष्टही ऐकली. कमला सोहोनी हे नाव मात्र मला इंजिनीअरिंगची पदवी हातात आल्यावर कळलं. खरं तर दोघांची गोष्ट एकमेकांशी जोडलेली आहे.

नेमकं काय घडलं होतं?

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बीएस्सी झालेल्या कमला भागवत (लग्नानंतर सोहोनी) यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. गुण उत्तम होते. तरीही केवळ मुलगी म्हणून संचालक रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी थेट जाऊन जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष चाचपणीचं आणि सोबतच्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये, ही त्यातलीच एक अट. वर्षभराचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेची दारं मुलींना उघडली. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएचडी मिळवली.

मग ही गोष्ट का सांगितली जात नाही?

थोर शास्त्रज्ञ चुकला, हे मुलांना सांगायला आपण कचरतो. माझ्या मते हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. मोठी माणसंही चुकतात आणि पुरावा समोर आला की मत बदलता येतं, हे मुलांना इथे कळतं. नुसतं ‘पहिली महिला’ म्हटलं की ती बाई फोटोतच राहते. तिला ‘नाही’ कोणी म्हटलं आणि मग तिनं काय केलं, हे कळलं तरच वर्गातली मुलगी स्वतःला तिच्या जागी ठेवून पाहते.

सहा वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं?

हातात बटाटा द्या. ‘हा श्वास घेतो का?’ असं विचारा. पेशींच्या श्वसनात लागणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींमध्येही असतं, हे कमलाबाईंनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करतानाच दाखवलं होतं.

आणि ही गोष्ट फक्त मुलींना नको. उद्या एखाद्या संस्थेचा प्रवेश अर्ज ज्याच्या टेबलावर येईल, त्या मुलानंही ती आजच ऐकायला हवी.