बंदुकीचा परवाना आणि मनाची विचारपूस

निवडणूक जाहीर झाली, की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम सुटतात. खांबपासून पेणपर्यंतच्या गावांतून रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेल्या बंदुकाही त्यातून सुटत नाहीत. मतमोजणी आटोपली, की त्या परत घरी जातात. म्हणजे शासनाला बंदुकीचे भय वाटते ते महिना-दीड महिना. एरव्ही ती कोणत्या मनःस्थितीच्या माणसाजवळ आहे, हे कोणी विचारीत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात मनोविकल व्यक्तीस परवाना नाकारण्याची तरतूद आहे. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराच्या मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचीही सोय सांगितली. पुढे २०१९ मध्ये संसदेने एका व्यक्तीच्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, हे ठीकच झाले. परंतु त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. पाच वर्षांत एखाद्या घरावर कर्ज, दारू, भाऊबंदकी, तरण्या मुलाचा मृत्यू असे काय काय कोसळत नाही? प्रमाणपत्र मात्र पहिल्या दिवशीचेच खरे मानायचे!

३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाच्या गोळीबारात त्याचा वरिष्ठ अधिकारी व तीन मुसलमान प्रवासी मारले गेले. प्रकृती बरी नसल्याने आपल्याला वाटेत उतरू द्यावे, अशी विनंती त्याने केली होती आणि त्याला कामगिरी पुरी करण्यास सांगण्यात आले, अशी सोबतच्या शिपायाची जबानी आहे. थकलेल्या माणसाच्या हातून रायफल काढून घेण्याची रीतच आपल्या दलांत नसावी, ही गोष्ट गंभीर आहे. मात्र त्या जवानावर धर्माधर्मांत तेढ वाढविल्याचेही कलम लावलेले आहे. आजाराची ढाल पुढे करून द्वेषाच्या प्रचाराला मोकळे सोडता येणार नाही, आणि प्रत्येक मनोरुग्ण हा खुनी असे समजणे तर निव्वळ अन्याय आहे.

शिक्षणाचा अभावही जीव घेतो. २०२५ च्या प्रारंभी पालघरमधील बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीस गेलेल्यांच्या गोळीने त्यांचाच सोबती मेला, आणि भयापोटी बाकीच्यांनी ते लपविले. ही शिकार बेकायदा होती हे खरेच. तरी समोर काय आहे ते ओळखल्याविना चाप ओढू नये, हा पहिला धडा गावोगाव कोणी दिला आहे काय? (पिकाची भरपाई वेळेवर मिळाली असती, तर अनेकांना बंदूक लागलीच नसती, हा भाग वेगळा.)

राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. खांबच्या माणसाला ठाणे दूर, रत्नागिरी त्याहून दूर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. पण नागोठणे, वडखळ ओलांडून अलिबाग गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. २०२२ पासून १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. तो किती वाड्यांना ठाऊक आहे?

साथींनी जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन साधे प्रश्न विचारावेत: पीकरक्षणाचे परवाने किती, प्रशिक्षण कोणी दिले, मुदतीच्या मध्ये कोणाची फेरतपासणी झाली काय? आणि रोह्याच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, मनोविकारतज्ज्ञ बसावा, ही मागणी लेखी नोंदवून तिची पोच घ्यावी.